७. सेरा दा एश्त्रेला चीज

मध्य पोर्तुगालमधील याच नावाच्या डोंगररांगेत (सर्वोच्च माथा १,९९३ मीटर) मेंढीच्या कच्च्या दुधापासून होणारे चीज. दूध प्रामुख्याने बोर्दालेइरा जातीच्या मेंढ्यांचे. ते साकळवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट न वापरता ‘कार्दू’ या काटेरी झुडपाच्या वाळलेल्या जांभळ्या फुलांचा अर्क घालतात. चव किंचित कडसर लागते ती त्यामुळे. निवळी काढून झाल्यावर चकतीभोवती सुती पट्टी घट्ट गुंडाळतात आणि ती किमान ३० दिवस मुरू देतात. आतला गर मऊ पडला तरी चकती फुटू नये, हे त्या पट्टीचे काम. मजकुरात यजमानीण वरचे साल झाकणासारखे कापून पाहुण्यांपुढे चमचा ठेवते, तो या कोवळ्या, लोण्यासारख्या चीजचा रिवाज. किमान १२० दिवस मुरलेले ‘वेल्यू’ (जुने) मात्र घट्ट असते. ते सुरीनेच कापावे लागते. पारंपरिक हंगाम नोव्हेंबर ते मार्च. १९९६पासून युरोपीय संघात हे नाव संरक्षित असून ठरलेल्या प्रदेशाबाहेर केलेल्या चीजला ते लावता येत नाही.