दोयांगच्या काठावर

नोव्हेंबर २०१३. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग जलाशयाकाठच्या झाडीत तुम्ही उभे आहात. उजाडतंय. डोक्यावरून अमूर ससाण्यांचे थवेच्या थवे निघालेत. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून आलेले हे पक्षी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे चाललेत. वाटेत इथे पंख फुटलेल्या वाळवीवर अंग धरतात.

गेल्या वर्षी याच झाडीत मासेमारीची जाळी टांगलेली होती. रोज हजारो ससाणे त्यांत अडकून मेले, बाजारात विकले गेले. यंदा पांगती आणि शेजारच्या गावांनी शिकार बंद केली. हंगामाची कमाई होती ती, तरीही सोडली. मला ते फार मोठं वाटतं.

अभ्यासासाठी पकडलेला एक ससाणा कापडी पिशवीत आहे. आता आत हात घाला. पाठीकडून, दोन्ही पंख मिटवून धरा. आवळू नका, छातीचा भाता हलला नाही तर पक्ष्याचा श्वास कोंडतो. तळहाताला त्याची धडधड लागते. पांढुरक्या छातीवर काळ्या रेघा, नारिंगी पाय: मादी आहे.

तिला परत पिशवीत घालून पिशवीसकट ताणकाट्याला लावा, मग पिशवीचं वजन वजा करा. पुन्हा बाहेर काढून मिटलेला पंख पट्टीवर ठेवून मोजा, नडगीला व्हर्नियर लावा. नारिंगी पायात क्रमांक कोरलेलं हलकं कडं बसवा. ते फिरलं पाहिजे, पण घसरून निघता कामा नये. आता पोटावर हळूच फुंकर घाला. पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखाली पिवळी चरबी दिसते. अरबी समुद्र ओलांडायची शिदोरी ती हीच. जरा वेळ बघा.

तीन पक्ष्यांच्या पाठीवर भारतीय वन्यजीव संस्थेचे आणि हंगेरीचे संशोधक जेमतेम पाच ग्रॅमचं, उन्हावर चालणारं उपग्रह-यंत्र बांधतात. या पक्ष्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. गावाचं नाव आता आकाशातून जाणार.

मूठ उघडा.

पांगती आफ्रिकेला पोचली आणि पुढच्या वर्षी दोयांगला परतली. हे ससाणे आपल्याकडूनही जातात. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर दिसतात. कुठल्याही पक्ष्याच्या पायात कडं दिसलं तर फोटो काढा, क्रमांक टिपा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला नक्की कळवा.