पेटीतली बाई आणि पाटीवरचं नाव



दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम ४,००० रुपये. कारण लिहिलं होतं, ‘मुलीचं जादूचं सामान’. आम्ही शेळीला कर्ज दिलं आहे, शिलाई मशीनला दिलं आहे, जादूला कधी दिलं नव्हतं. मुलगी बारावी झालेली. दोरीचे, रुमालाचे, पत्त्यांचे खेळ तिला छान येतात. आम्ही विचारलं, “पोरी, काम कुठून मिळणार?” ती म्हणाली, “तेच तर समजत नाही, मावशी.”

मग आम्हीच शोधत बसलो, की जादूगाराला आजवर काम मिळालं तरी कसं.

बाजारातला मदारी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. डमरू वाजला की भाजीची पिशवी हातात धरून आपणही गोलात उभ्या राहायचो. जमुरा चादरीखाली झोपायचा, मदारी त्याला प्रश्न विचारायचा, आणि खेळ ऐन रंगात आला की थांबायचा. आधी पैसे गोळा, मग पुढचा खेळ. त्याला कोणी बोलावायचं नाही आणि तो कोणाच्या बोलावण्याची वाटही पाहायचा नाही. जिथे बाजार, तिथे त्याचं काम.

तमाशाची रीत वेगळी. पुणे जिल्ह्यात नारायणगाव आहे. तिथे दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे जातात, भाव करतात, इसार देतात आणि यात्रेची तारीख वहीत पक्की होते. याला म्हणतात सुपारी. पूर्वी मानाने विडा-सुपारी देऊन बोलवायचे, त्यातून शब्द आला. आता सुपारी म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं, पण कलावंताच्या तोंडी तो अजून पोटाचा शब्द आहे. याच नारायणगावच्या विठाबाई. त्यांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला होता, २००२ साली त्या गेल्या. गावं सुपारी द्यायची ती त्यांच्या नावाला. तमाशात बाईचे हाल कमी झाले नाहीत, पण पाटीवर बाईचं नाव चाललं.

जादूत तसं झालं नाही. तिथे बाई पेटीत असायची.

लंडनमध्ये जानेवारी १९२१ मध्ये सेल्बिट नावाच्या जादूगाराने बाईला पेटीत बंद करून पेटी करवतीने कापण्याचा खेळ केला. प्रेक्षक यावेत म्हणून त्याने काय काय करावं? नाटकघराबाहेर रुग्णवाहिका उभी केली. खेळ संपला की माणसं बाहेर येऊन गटारीत रक्तासारखं लाल पाणी ओतायची. त्याच सुमारास तिकडच्या बायकांनी मोठा लढा देऊन मतदानाचा हक्क मिळवला होता, तोही आधी फक्त तिशीच्या पुढच्या काही बायकांना. त्या लढ्यातल्या पुढारी ख्रिस्ताबेल पँकहर्स्ट यांना सेल्बिटने पगार देऊ केला. काम काय, तर पेटीत झोपायचं आणि कापून घ्यायचं! बाईंनी नकार दिला. पण या मागणीचीही बातमी झालीच, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

आपले पी. सी. सरकार तर त्याच्या पुढचे. पूर्व बंगालातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलकडचा माणूस. स्वतःला जगातला सर्वात मोठा जादूगार म्हणवून घ्यायचे. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या टेलिव्हिजनवर त्यांनी सतरा वर्षांच्या मुलीला टेबलावर झोपवून फिरत्या करवतीने कापलं. मग तिला उठवायला गेले, तर ती उठेना. तेवढ्यात निवेदकाने पुढे येऊन कार्यक्रम संपवला. मुलगी मेली असं समजून लोकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाइनी अडकल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तीच बातमी. मुलगी ठणठणीत होती. आणि लंडनच्या नाटकघरातल्या त्यांच्या खेळांची तिकिटं भराभर संपली. वेळ चुकून संपली की ठरवून संपवली, हे तुम्हीच ओळखा. सरकारांचं नाव जगभर झालं. टेबलावर गप्प पडून राहिलेल्या त्या मुलीचं नाव दीप्ती डे. तिची ती शांतता हीच त्या रात्रीची खरी जाहिरात होती, असं आम्हाला वाटतं.

पेटीतून बाहेर आलेली बाईही आहे. अमेरिकेत हरमन नावाचा मोठा जादूगार १८९६ च्या डिसेंबरात अचानक वारला. मागे बायको अॅडलेड, कर्ज, आणि खेळाचा सगळा पसारा. ती इतकी वर्षं नवऱ्याच्या मदतीला उभी राहिलेली. सगळे खेळ तिला माहीत होते, पण पाटी नवऱ्याची. घरचा माणूस गेल्यावर शेतीचं काय, देण्याचं काय, हा प्रश्न आपल्यातल्या किती जणींनी सोसला आहे! अॅडलेडबाईंनी पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या मोठ्या नाटकघरात बंदुकीच्या गोळ्या झेलण्याचा खेळ केला. या खेळात पूर्वी माणसं मेलेली होती. हरमन हे नाव त्यांनी सोडलं नाही, कारण लोक त्या नावाला ओळखत होते. पुढे तीसेक वर्षं त्या स्वतःच्या बळावर खेळ करत राहिल्या.

नाव टिकवणं आपल्याकडेही आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर १९८४ साली गेले. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तेच नाव लावून खेळ चालू ठेवले. आणि शेजारच्या गुजरातेत सुहानी शाह सात वर्षांची असताना, १९९७ साली, अहमदाबादच्या रंगमंचावर उभी राहिली. तिच्या पाटीवर पहिल्यापासून तिचंच नाव होतं.

हे सगळं आम्ही त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, गटारीत लाल पाणी ओतून आपल्याकडे चालेल का?”

चालणार नाही. आणि का नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. या मुलीने घराच्या ओट्यावर रुमाल गायब करून दाखवला, तेव्हा मागून एक म्हातारी बोललीच, “हाई पोर डाकीण शे का?” मुलं हसली. तिची आई हसली नाही. कर्जाच्या अर्जावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो याच एका वाक्यावर. काही जणी म्हणाल्या, नकोच ते. मुलीला शिवणकाम शिकवू.

आम्ही कायदा वाचला. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात २०१३ साली आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे कमावणं हा गुन्हा आहे. एखादी बाई करणी करते, जादूटोणा करते असा समज पसरवून तिला त्रास देणं, हाही गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार दंड. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते किती वर्षं गावोगाव नारळातून करणी काढून दाखवतात आणि मग ती कशी काढली तेही सांगतात. तेही हातचलाखीच करतात, फक्त आधी नाही तर नंतर, पण खरं सांगतात.

मग असं ठरलं. तिच्या पत्रकावर ‘जादू’ शब्द मोठा नाही. वर तिचं नाव, खाली ‘हातचलाखीचे खेळ’. खेळाच्या सुरुवातीला ती सांगते, “माझ्यात कसली शक्ती नाही, रोज दोन तास सराव आहे,” आणि शेवटी एक सोपा खेळ मुलांना शिकवते. पत्रकं आम्ही वाटली. शाळेत मुख्याध्यापकांना, आश्रमशाळेत अधीक्षकांना, गणपती मंडळांना. एका मंडळाने विचारलं, “जादूगार कोण, वडील की भाऊ?” मुलगी आहे कळल्यावर त्यांनी निम्मा भाव सांगितला. ती गेली नाही. आम्हाला धाकधूक होती, पहिलंच काम, सोडू नये. पण तिचंच बरोबर होतं.

पहिलं काम आश्रमशाळेत मिळालं. इसार ५०० रुपये, बाकीचे खेळ झाल्यावर. बघायला आम्ही आठ जणी गेलो होतो. ती म्हातारीही आली होती. खेळ संपल्यावर तिने दोरी हातात घेऊन दोनदा उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, पुन्हा दाखव.

कर्जाचे चार हप्ते फिटले आहेत. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरेल, घोडे येतील, तमाशाचे तंबू लागतील. तिथे जागेचं भाडं किती पडतं याची चौकशी चालू आहे. तुमच्यापैकी कोणी तिथे दुकान लावत असेल तर आमच्या गटाला कळवा.