चार सुरांची शिकवणी

आमच्या चिरंजिवांची शांघायला बदली झाली आणि घरातलं पहिलं भांडण सामानावरून नव्हे, सुरावरून झालं. निघण्यापूर्वी चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू अशा तिघांनी मँडरिन शिकायचं ठरलं. रोज संध्याकाळी संगणकात मास्तरीणबाई प्रकट होतात. या भाषेत सूर चार, आणि सूर चुकला की अर्थ गेला! आपल्याकडे माय म्हणजे आई. तिकडे ‘माय’ खाली नेऊन वर उचलली तर विकत घेणं, आणि धाडकन खाली आपटली तर विकणं. पहिल्याच आठवड्यात सूनबाई टोमॅटो घ्यायला गेल्या आणि दोन किलो विकून आल्या. अर्थात धड्यातल्या बाजारात. मला कुणी बोलावलेलं नाही. पण जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे मागच्या खुर्चीतून दाखले दिल्याशिवाय राहवत नाही.

“नशीब समजा!” मी म्हटलं. एके काळी परक्याला चिनी शिकवणं हा तिथं गुन्हा होता. जेम्स फ्लिंट या इंग्रज व्यापाऱ्याचा बादशहाकडचा अर्ज लिहिण्यात हातभार लावल्याबद्दल १७५९ साली एका चिनी माणसाचं डोकं उडवलं. रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्ये कँटनला पोचला. त्याचे एक गुरुजी म्हणे जवळ विष बाळगून शिकवायला येत. पकडले गेलो तर हाल नकोत. (आमच्या शाळेत गणिताच्या तासाला ही सोय विद्यार्थ्यांना हवी होती.) मॉरिसनचे पहिले धडे मात्र लंडनमध्येच, योंग सॅम-ताक या चिनी तरुणाकडे झाले. अक्षरं पाठ झाली म्हणून त्यानं कागद शेकोटीत टाकला, तर गुरुजी तीन दिवस रुसले, असं सांगतात. अक्षराला आग? पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. मला हे गुरुजी शेजारच्या वाड्यातले वाटतात. पुढे मॉरिसन पत्र्यावर लिही आणि पुसून टाकी.

सहकुटुंब शिकवणीही नवी नाही. बंगालात सेरामपूरला जोशुआ मार्शमन १८०६ च्या सुमाराला लासर या आर्मेनियन गुरूपुढे बसले, सोबत मुलालाही बसवलं. १८२२ साली चिनी बायबल छापून काढलं, आणि चीनला काही गेले नाहीत.

“मग आपणही नुसतं शिकू या,” सौ. म्हणाली. कुणी हसलं नाही.

मी घाईनं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे वळलो. १९३८ साली जखमी सैनिकांसाठी गेले, तिथंच चिनी शिकले आणि त्या भाषेत शिकवूही लागले. १९४१ मध्ये क्वो चिंगलानशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. नातवाला नाव फार आवडलं. त्याच डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर तिकडेच गेले, हे मी सांगितलं नाही.

काल नातू म्हणाला, “आजोबा, निघताना ‘चाय ज्येन’ म्हणायचं. पुन्हा भेटू. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो ना, तसंच. दोन्ही सूर खाली उतरवायचे.”

मी चार-पाचदा म्हणून पाहिलं. दुसरं अक्षर काही केल्या उतरेना.

“तुम्ही प्रश्न विचारताय असं वाटतंय,” तो म्हणाला.