रिमोटवरचा सूर्य

एसीच्या रिमोटवर ‘मोड’चं बटण दाबत गेलं, की बर्फाची चांदणी, थेंब, पंखा अशी चित्रं एकामागून एक येतात. बऱ्याच रिमोटवर शेवटी एक सूर्यही उगवतो. ठाण्यात तो सहसा कामाचा नसतो. कंपन्या एकच रिमोट अनेक मॉडेलांना देतात, त्यामुळे यंत्रात गरम हवेची सोय असो वा नसो, चित्र दिसतं. जानेवारीत येऊरकडून गार वारा सुटला, की एखाद्या घरातले आजोबा तो सूर्य निवडतात, पंधरा मिनिटं वाट पाहतात आणि मेकॅनिकला फोन लावतात. उत्तर ठरलेलं: ‘काका, तुमचा फक्त कूलिंगचा आहे. हॉट अँड कोल्ड वेगळा येतो. तो दिल्लीकडे चालतो.’

मेकॅनिकचं म्हणणं खरं आहे. पण ते ऐकून आपला समज होतो, की यंत्र मुळात गारव्याचं आणि ऊब ही मागाहून चिकटवलेली सोय. वंशावळ पाहिली तर उबेचा विचार आधुनिक एसीपेक्षा जुना निघतो.

१८५२ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, एक हिशेब मांडला. कोळसा शेगडीत जाळून खोली तापवण्यापेक्षा त्याच कोळशावर एक इंजिन चालवावं आणि त्या इंजिनाने बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरात आणावी. तेवढ्याच कोळशात जास्त ऊब मिळेल. त्याच दशकात ऑस्ट्रियातल्या एबेनझे इथल्या मिठागरात पीटर फोन रिटिंगर यांनी पाण्याच्या शक्तीवर वाफ दाबून तिच्याच उष्णतेने खारं पाणी आटवण्याचा प्रयोग केला. हेतू होता जळाऊ लाकूड वाचवण्याचा. आधुनिक एसीचे जनक मानले जाणारे विलिस कॅरिअर यायला अजून अर्धं शतक होतं. १९०२ मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तीही माणसांसाठी नव्हे. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नेमका बसायचा नाही, म्हणून.

या सगळ्यांमागचं तत्त्व एकच. कल्याण स्टेशनवरचा हमाल सामान तयार करत नाही. एका फलाटावरून उचलून दुसऱ्यावर ठेवतो. एसीही उष्णता निर्माण करत नाही, वाहून नेतो. कॉम्प्रेसर वायू दाबतो, दाबलेला वायू तापतो आणि एका कॉइलमध्ये आपली उष्णता सोडून द्रव होतो. मग बारीक नळीतून सुटल्यावर त्याचा दाब पडतो, तो गार होतो आणि दुसऱ्या कॉइलमध्ये भोवतालची उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता गॅलरीबाहेर जाते. हॉट अँड कोल्ड यंत्रात चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह जास्तीचा असतो. तो सरकला की हमालाची फेरी उलटी: बाहेरची उष्णता आत. पंधरा अंशांची हवा आपल्याला गार वाटते. यंत्राच्या लेखी तिच्यात भरपूर उष्णता असते. म्हणूनच एक युनिट वीज खर्चून तिपटीच्या आसपास ऊब मिळते. रॉडच्या हीटरमध्ये एका युनिटला एकच. काही जुन्या विंडो एसींमध्ये ऊब देण्यासाठी चक्क असा हीटरच बसवलेला असे. त्यात बिल फुगायचं आणि तोंड कोरडं पडायचं.

आपल्याकडे मात्र हे घराणं गारव्याच्या बाजूने आलं. १८३० च्या दशकात अमेरिकेतून भुशात गुंडाळलेला बर्फ जहाजांनी मुंबईला येऊ लागला. जमशेटजी जीजीभाईंनी १८३४ मध्ये मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. त्या बर्फाची खूण आजही बिलावर असते: दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढण्याची क्षमता म्हणजे एक टन. १९३३ मध्ये कुलाब्याला रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होऊनच उघडलं. १९३४ मध्ये फ्रंटियर मेलला गार डबा जोडला गेला. त्यात डब्याखाली ठेवलेल्या बर्फाच्या लाद्यांवरून हवा फिरवत.

मग ठाण्याची पाळी आली. मोहन अडवाणींनी १९४३ मध्ये ब्लू स्टार काढली, १९५४ मध्ये टाटा आणि व्होलकार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास उभी राहिली. दोन्ही कंपन्यांचे कारखाने पोखरण रोड नंबर दोनवर आले. म्हणजे ज्या गावाने एसी बनवला, त्या गावातल्या बहुतेकांच्या घरी तो कित्येक वर्षं नव्हता. सरकारच्या लेखी ती चैनीची वस्तू होती आणि अबकारी करही त्याच मापाने लागायचा. जीएसटीतही तो २८ टक्क्यांच्या वरच्या टप्प्यात बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. सुरुवातीच्या त्या काळात कारखान्यात कामाला जाणारा माणूस संध्याकाळी डोंबिवलीच्या चाळीत टेबल फॅनसमोर बसायचा.

ऊब मागायला तर कारणच नव्हतं. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२ चा. तो दिवस अजून आठवणीने सांगावा लागतो, यातच काय ते आलं. बदलापूरला थोडी जास्त हुडहुडी भरते, ठाण्याला खाडी सांभाळून घेते. गोधडी आणि बंद खिडकी एवढ्यावर हिवाळा निघतो. कंपन्यांनी उबेचा व्हॉल्व्ह इथल्या मॉडेलांतून वगळला यात त्यांचं काही चुकलं नाही.

उबेची शाखा तोवर जपानात फोफावली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे रॉकेलच्या स्टोव्हला पर्याय हवा होता. १९८०-८१ मध्ये तोशिबाने इन्व्हर्टरवर चालणारे एसी आणले. कॉम्प्रेसर आता चालू-बंद न होता गरजेपुरता वेग घेऊ लागला आणि थंडीत लागणारा जोर त्यातून मिळाला. आज टोकियोत घरभाडं ठरवताना एसी पाहतात तो दोन्ही ऋतूंसाठी. तिथल्या एदोगावा भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. अंबरनाथमध्ये जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. इकडून गेलेल्या घरांत जो एसी मे महिन्याचा मानला जायचा, तोच तिथे जानेवारीत पहाटे पाचचा टायमर लावून चालतो.

ठाण्या-कल्याणातही आता हॉट अँड कोल्ड दिसू लागले आहेत. कुणी दिल्लीहून बदलीवर येताना यंत्र उतरवून आणलेलं असतं, कुणाकडे दम्याची आजी किंवा नवं बाळ असतं. ते वापरताना गारव्याच्या सवयी उलटवाव्या लागतात. गरम हवा वर जाते, म्हणून पाती खाली झुकवायची. वीस-बावीस अंश पुरे. तिशीवर ठेवून खोली लवकर तापत नाही. पाणी आता आतल्या युनिटमधून न गळता बाहेरच्यातून ठिबकतं आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळवणावर पडतं, तेव्हा तिथे नळी जोडायची. जाळी तुंबली तर उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ धरतो. हिवाळ्यात आतली कॉइल तापलेली असते, उष्णता सुटायला वाट उरत नाही, दाब चढतो आणि यंत्र ट्रिप होतं. बाहेरच्या कॉइलवर दव गोठणं आणि ते वितळवायला यंत्राने मध्येच फेरी उलटवणं हा प्रकार दिल्ली-सिमल्याकडचा. इथे तशी वेळ येत नाही.

इथली खरी अडचण कबुतरांची. ऑक्टोबर हीट संपली की बाहेरचं युनिट बंद पडून राहतं आणि मागच्या ग्रिलमध्ये घरटं तयार होतं. काड्या, पिसं, विष्ठा कॉइलच्या पात्यांत घट्ट बसतात. त्यावर खाडीची खारी, नाल्यांची गंधकयुक्त हवा लागली की तांब्याच्या नळ्या काळवंडतात, सांधे झिरपू लागतात. म्हणून सर्व्हिसिंग मार्चच्या गर्दीत करण्यापेक्षा डिसेंबरात उरकावं: जेट पंपाने बाहेरची कॉइल धुवावी, प्लास्टिकचं आवरण घातलं असेल तर यंत्र सुरू करण्याआधी काढावं. आणि कुणी ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ म्हणालं, तर गळती कुठे आहे ते आधी विचारावं. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. हल्लीच्या यंत्रांतला आर-३२ थोडा ज्वालाग्राही असतो, तेव्हा नळी डागणारा माणूस शिकलेला हवा.

तरीही ठाण्यात या उलट्या फेरीचं भवितव्य हॉलमध्ये आहे असं वाटत नाही. आपल्याला हिवाळ्यात ऊब हवी असते ती बादलीत. नव्या इमारतींवर सौर बंब सक्तीचे करणाऱ्या पहिल्या काही महापालिकांत ठाणे होतं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात तर महापालिकेने त्याच्या पुढची उडी मारली: गच्चीवरच्या तबकड्यांनी सूर्यकिरण एकवटायचे, पाण्याची वाफ करायची आणि त्या उष्णतेवर गारवा तयार करायचा. उष्णतेवर गारवा करण्याचं तंत्र फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी १८५९ मध्ये दाखवलं होतं. हीट पंपाचा गिझर मात्र एसीच्याच घराण्यातला. हवेतली उष्णता ओढून तो पाणी तापवतो आणि मोठ्या हॉटेलांत एसीने फेकलेली उष्णताही पाण्यात घेता येते. आपल्या सोसायट्यांत मात्र एका भिंतीवर एसी उष्णता रस्त्यावर फेकतो आणि त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला गिझर तीच उष्णता विजेने नव्याने तयार करतो. केल्विनचा हिशेब ठाण्यात लागू करायचा झाला, तर सुरुवात या भिंतीपासून करावी लागेल.