कुकीची कुळकथा

चार वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या मानेवर एक गाठ हाताला लागली. डॉक्टरांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "सुईने तपासून घेऊ. काळजीचं कारण नसावं." त्या 'नसावं'ने माझी झोप गेली. घरात कुणाला सांगितलं नाही. रात्री सगळे झोपल्यावर घरच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि मानेच्या गाठींबद्दल जे जे सापडेल ते वाचत राहिलो. उठताना पाहिलेल्या पानांची यादी आठवणीने पुसून टाकली. सकाळी सूनबाईंनी त्याच कॉम्प्युटरवर उकडीच्या मोदकांची कृती उघडली. उकड कशी काढावी या मजकुराच्या शेजारी कर्करोगाच्या एका रुग्णालयाची जाहिरात होती आणि तिच्याखाली आजारपणाच्या विम्याची. तेव्हा ती काही बोलली नाही. दुपारी चहाचा कप पुढे ठेवत तिने हळूच विचारलं, "बाबा, कुणाला काय झालंय?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. एखादी गोष्ट अंगावर आली की ती सुरू कुठून झाली हे शोधायची खोड आहे. गाठीचं पुढे सांगेन, ती साधी निघाली. पण त्या जाहिरातीला माझी रात्र कशी कळली, हे शोधताना मी १९९४ सालापर्यंत मागे गेलो.

तेव्हाचं इंटरनेट विसराळू होतं. वेबसाइट चालवणारा कॉम्प्युटर तुम्ही मागाल ते पान देई आणि तुम्हाला विसरून जाई. दुसरं पान मागितलंत की त्याच्या लेखी तुम्ही नवं गिऱ्हाईक. वाचण्यापुरतं हे ठीक होतं, दुकान चालवायला मात्र निरुपयोगी. आपण तांदूळ घेतले, मग डाळीकडे वळलो, तर वाणी म्हणणार, "कोण आपण?" अमेरिकेत नेटस्केप नावाची नवी कंपनी त्या वर्षी ब्राउझर तयार करत होती. एमसीआय ही टेलिफोन कंपनी तिची ग्राहक होती. अर्धवट राहिलेल्या खरेदीचा हिशेब आपल्या कॉम्प्युटरवर साठवायची एमसीआयची तयारी नव्हती. लू माँटुली या नेटस्केपमधल्या विशीतल्या इंजिनिअरने १९९४ च्या जूनमध्ये त्यावर तोड काढली. हिशेब गिऱ्हाइकाच्याच खिशात ठेवायचा.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला नंबराचा बिल्ला मिळतो. स्टँडवाला आपलं नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. परत आल्यावर बिल्ला दाखवला की आपल्या चपला काढून देतो. माँटुलीची युक्ती हीच होती. वेबसाइटने ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी त्याच वेबसाइटला दाखवायची. प्रोग्रॅमर मंडळींत असल्या चिठ्ठीला आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत, म्हणून हिचं नाव कुकी पडलं. खाण्याच्या बिस्किटाशी हिचा संबंध नावापुरताच.

इथे माँटुलीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा ओळख क्रमांक द्यायचा आणि तो सगळ्या वेबसाइटना दाखवायचा, असा सोपा मार्गही त्याच्यापुढे होता. त्याने तो मुद्दाम टाळला, कारण मग माणूस कुठे कुठे फिरतो हे सगळ्यांना जुळवता आलं असतं. जिने बिल्ला दिला तिलाच तो दाखवायचा, हा नियम त्याने खासगीपणासाठी घातला होता.

त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९९४ रोजी, हॉटवायर्ड या वेबसाइटवर एटी अँड टी कंपनीची एक पट्टी झळकली. वेबवरच्या बॅनर जाहिरातींची सुरुवात सहसा इथूनच मोजतात. कुकी आणि जाहिरात या दोघी एकाच वर्षी जन्मल्या आणि दीडदोन वर्षांत एकमेकींना भेटल्या.

ही भेट कशी झाली ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वर्तमानपत्राच्या पानावरची जाहिरात वर्तमानपत्रच छापतं. वेब पानावरची जाहिरात मात्र बहुतेक वेळा त्या वेबसाइटच्या कॉम्प्युटरवरून येत नाही. पानात एक जागा मोकळी सोडलेली असते आणि तिथलं चित्र जाहिरात कंपनीच्या कॉम्प्युटरवरून थेट आपल्याकडे येतं. म्हणजे आपण उघडली बातमी, पण आपल्या नकळत जाहिरात कंपनीच्याही दारात जाऊन आलो. दारात आलेल्याला बिल्ला द्यायची मुभा तिला आहेच. मग आपण पाककृतीच्या पानावर जातो, तिथेही जाहिरात त्याच कंपनीची. बिल्ला पुन्हा दाखवला जातो. माँटुलीचा नियम मोडलेला नाही, ज्याने बिल्ला दिला त्यालाच तो दिसतो आहे. फक्त गावातल्या सगळ्या देवळांबाहेरचे, दवाखान्यांबाहेरचे आणि तालमींबाहेरचे चपलांचे स्टँड आता एकाच माणसाने चालवायला घेतले आहेत, आणि त्याच्याकडे वही आहे.

हे सामान्य वाचकांच्या कानावर आलं ते १९९६ च्या फेब्रुवारीत, लंडनच्या फायनान्शियल टाइम्समधल्या एका लेखामुळे. तोवर ब्राउझर न विचारता कुकी ठेवून घेत होता. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९९७ मध्ये, इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळींनी कुकीची पहिली नियमावली काढली. तिच्या लेखकांत माँटुलीही होता. पान एकाचं आणि कुकी दुसऱ्याची, असा प्रकार ब्राउझरने मुळात होऊ देऊ नये, असा तिचा रोख होता. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही तिकडे काणाडोळा केला. माँटुलीने पुढे त्याचं कारण सांगितलं आहे. कुकी बंद केली तर जाहिरातवाले लपूनछपून दुसरा मार्ग काढतील. निदान कुकी दिसते आणि पुसता येते. हा बचाव मला पूर्ण पटत नाही. जी गोष्ट आहे हेच ठाऊक नाही ती पुसणार कोण? मी यादी पुसली होती. कुकी वेगळी पुसावी लागते हे मला वयाच्या सत्तरीत कळलं.

या धंद्यातली पहिली मोठी पेढी म्हणजे न्यूयॉर्कची डबलक्लिक. हजारो वेबसाइटवर तिच्या जाहिराती झळकत. आमच्याकडे फक्त नंबर असतात, माणसं नसतात, असं ती सांगे आणि १९९९ पर्यंत ते खरंही होतं. त्या वर्षी तिने अॅबॅकस डायरेक्ट नावाची कंपनी विकत घेतली. अमेरिकेत घरी कॅटलॉग मागवून टपालाने खरेदी करायची जुनी पद्धत होती. त्या खरेदीच्या नोंदी अॅबॅकसकडे होत्या, नाव-पत्त्यासकट, जवळपास नऊ कोटी घरांच्या. एका वहीत बिल्ल्याचे नंबर, दुसरीत नावं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून जुळवायचा डबलक्लिकचा बेत जाहीर झाला आणि रान उठलं. २००० साली खटले झाले, सरकारी चौकशी लागली, शेअर कोसळला. मार्चमध्ये कंपनीचे प्रमुख केव्हिन ओकॉनर यांनी नावं जोडण्याचा बेत ही आपली चूक होती असं जाहीरपणे कबूल केलं आणि बेत बासनात गुंडाळला. चौकशी आणि मुख्य खटला दोन्ही २००१ साली कंपनीच्या बाजूने निकालात निघाले. डबलक्लिक पुढे गुगलने घेतली. २००७ साली सौदा ठरला, ३१० कोटी डॉलर. नावं आणि नंबर वेगळे ठेवण्याचं जुनं वचन गुगलच्या नियमावलीतून २०१६ साली निघून गेलं. त्या वेळी रान उठलं नाही.

या दोन तारखांच्या मध्ये काय घडलं? माणसं स्वतःहून आपलं नाव सांगू लागली. ऑर्कुट आलं, फेसबुक आलं. नाव, गाव, वाढदिवस, सोयरेधायरे, सगळं आपणच लिहून दिलं. ऑर्कुटवर मीही जुने विद्यार्थी शोधत तासन्‌तास बसत असे, उगाच दुसऱ्यांना का बोला!

६ नोव्हेंबर २००७ रोजी फेसबुकने बीकन नावाची सोय सुरू केली. बीकन म्हणजे दीपस्तंभ. सोबत इतर ४४ वेबसाइट होत्या. तिथे तुम्ही काही विकत घेतलंत की ती बातमी फेसबुकवर तुमच्या मित्रांना जाणार. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट काही क्षण दिसे. तेवढ्यात 'नको' म्हटलं नाही तर तुमचा होकार धरला जाई. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गृहस्थांनी नाताळसाठी बायकोला गुपचूप हिऱ्याची अंगठी घेतली. थोड्याच वेळात त्यांच्या सातशेच्या वर ओळखीच्यांना ते कळलं. त्यात बायकोही होती. अंगठी ५१ टक्के सवलतीत मिळाली हेसुद्धा तिला वाचायला मिळालं. अंगठी कोणासाठी, हा तिचा पहिला प्रश्न. बिचाऱ्याने काय उत्तर दिलं असेल ते असो, पण ही गोष्ट वाचताना मला आमचा दुपारचा चहा आठवला.

मूव्हऑन या संघटनेने मोहीम उघडली, पन्नास हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. एका सुरक्षातज्ज्ञाच्या लक्षात आलं की 'नको' म्हटलं तरी आणि फेसबुकमधून बाहेर पडलं तरी माहिती फेसबुककडे जातच होती, फक्त ती मित्रांना दिसत नव्हती. ५ डिसेंबरला मार्क झुकेरबर्ग यांनी माफी मागितली. २००८ साली खटला उभा राहिला, २००९ मध्ये बीकन बंद झालं आणि ९५ लाख डॉलरची तडजोड ठरली. तिच्यातून वकिलांची फी आणि फिर्यादींच्या नावची रक्कम वजा जाता उरलेले पैसे खासगीपणासाठी काम करणारी एक नवी संस्था काढायला दिले. ज्या लाखोंची खरेदी उघडी पडली त्यांना एक छदामही मिळाला नाही. हे बरोबर आहे का, असं विचारत प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेलं. २०१३ साली न्यायालयाने ते ऐकायला नकार दिला.

या धंद्याने बीकनपासून धडा घेतला, पण लोकांना वाटला तो नव्हे. लोक चिडले ते आपली खरेदी चारचौघांत दिसली म्हणून. मग दिसणंच बंद झालं. एप्रिल २०१० पासून फेसबुकचं 'लाइक'चं बटण इतर वेबसाइटवरही बसू लागलं. ते बटणही त्या जाहिरातीसारखंच, फेसबुकच्या कॉम्प्युटरवरून येणारं. दाबलं नाही तरी पान उघडल्याची वर्दी जाई. वर हा बिल्ला नंबराचा नाही, नावाचा. पान पाहून झालेल्या या नोंदी जाहिरातींसाठी वापरणार असल्याचं फेसबुकने २०१४ च्या जूनमध्ये सांगितलं. ना कोपऱ्यात चौकट, ना मित्रांना बातमी. सह्यांची मोहीम निघायला लोकांना काही दिसावं तरी लागतं.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. गुगलने २०२० साली आपल्या ब्राउझरमधून परक्या कुकी काढून टाकू असं सांगितलं होतं. तारीख पुढे पुढे सरकत गेली आणि २०२४ च्या जुलैमध्ये बेतच सोडून दिला. अॅपलचा सफारी आणि मोझिलाचा फायरफॉक्स त्या आधीच अडवू लागले होते.

त्या दुपारी मी सूनबाईंना सगळं सांगितलं. तपासणीला तीच माझ्याबरोबर आली. रिपोर्ट चांगला आला, पण जाहिराती पुढेही बरेच दिवस येत राहिल्या. शेवटी नातवाला बसवून कॉम्प्युटरवरच्या सगळ्या कुकी पुसून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ईमेल, बँक, रेल्वेचं तिकीट, जो तो विचारू लागला, कोण आपण? पासवर्ड लिहिलेली डायरी शोधण्यात माझी सकाळ गेली. आणि मोदकांच्या पानावर पुन्हा एक चौकट वर आली होती, कुकी ठेवू का म्हणून.