घर, वावर अन् ड्युटी : कामावर जाणाऱ्या आईनं दिवसाचा मेळ कसा बसवावा?

बडनेरा : सकाळी बडनेरा जंक्शनवर उभं राहिलं की एका हातात डबा अन् खांद्याला पर्स लावलेल्या बाया गाडीची वाट पाहताना दिसतात. कोणी मूर्तिजापूर-अकोल्याकडं, कोणी चांदूर रेल्वे-धामणगावकडं अप-डाऊन करते. त्याच वेळेला अंजनगाव बारी रोडच्या गावांतून मजुरीनं जाणाऱ्या बाया ऑटोत बसून वावराकडं निघतात. एकीची ड्युटी पगाराची, दुसरीची रोजानं. पण दोघींचा घोर एकच असतो. घर निस्तरायचं, लेकराला शाळेत नाहीतर अंगणवाडीत घालायचं अन् कामावर वेळेत पोचायचं.

हा मेळ कसा बसवता येईल, त्यासाठी कोणत्या सोयी अन् कोणते हक्क आहेत, याची माहिती इथं एकाजागी दिली आहे.

वेळ जातो कुठं?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्या कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, म्हणजे पावणेपाच घंट्यांच्या वर देतात. पुरुष देतात ८८ मिनिटं. लेकरं-म्हातारे सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा.

२०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ अन् ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईचे १० मिनिटं कमी झाले, अन् पुरुषाचेही ९ मिनिटं कमी झाले. दोघांतलं अंतर २०२ मिनिटांचं होतं, ते २०१ झालं. गॅस आला, मिक्सर आला, पण वाटणी जिथल्या तिथं राहिली. म्हणून नुसतं "बाईनं लवकर उठावं" म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

आधी पक्क्या वेळा लिहून काढा

दिवसातल्या काही वेळा आपल्या हातात नसतात. गाडीची किंवा एसटीची वेळ, शाळेची घंटा, नळ येण्याची वेळ, वावरात जाणाऱ्या ऑटोची वेळ. अमरावती-बडनेऱ्याला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी येतं. नळाच्या दिवशी सकाळचा अर्धा वेळ पाणी भरण्यातच जातो. त्या दिवशी स्वयंपाक साधा ठेवावा, कपडे धुणं दुसऱ्या दिवशी घ्यावं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळाचे दिवस, लेकराच्या लसीची तारीख, शाळेची पालकसभा, बचत गटाची बैठक अन् सिलिंडर लावल्याची तारीख लिहावी. डोक्यात ठेवलेली गोष्ट ऐन घाईत विसरते. भिंतीवरची घरातल्या सगळ्यांना दिसते, अन् "मला माहीतच नव्हतं" म्हणायला कोणाला जागा राहत नाही.

राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याच्या सूचना दिल्या. लेकरांची झोप होते, हे चांगलंच. पण आईची गाडी ९ च्या आधी असली तर मधल्या वेळेत लेकराजवळ कोण थांबणार, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. आजी-आजोबा, बाप किंवा शेजारीण, कोणीतरी एक जण पक्का पाहिजे.

सकाळचं काम रात्रीच

- रात्री जेवणं झाल्यावर अर्धा घंटा उद्यासाठी द्यावा. भाजी निवडून-चिरून ठेवणं, लसूण सोलून ठेवणं, दप्तर भरणं, गणवेश काढून ठेवणं.
- आठवड्याच्या भाज्या ठरवून टाकाव्यात. "आज काय करू?" या विचारात रोजची दहा मिनिटं जातात.
- जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आठवड्याची एकदाच करून ठेवावी. घाईच्या दिवशी वरण-भात, पोळी अन् चटणीवर निभावतं.
- चावी, रेल्वेचा पास, मोबाईल अन् चष्मा यांची जागा एकच ठेवावी. गाडी चुकते ती बहुतेक शोधाशोधीतच.
- मोबाईल रात्री चार्जिंगला लावावा, पण उशाजवळ नको. सकाळी उठल्याबरोबर व्हॉट्सॲप उघडलं की पंधरा मिनिटं कशी गेली ते कळत नाही.

अन् एक गोष्ट सोडू नये : आईनं खाऊन घराबाहेर पडावं. सगळ्यांचे डबे भरून स्वतः चहावर निघणाऱ्या बाया गावोगावी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांत रक्त कमी आढळलं. थकवा येतो तो नेहमी कामाचाच नसतो. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

घरातल्या कामाची वाटणी

घरात जेवणारे पाच अन् राबणारी एक, असा हिशेब असला तर कोणतंच वेळापत्रक टिकत नाही. पाच-सहा वर्षांचं लेकरू आपलं ताट उचलू शकते, चपला-दप्तर जागेवर ठेवू शकते. दहा वर्षांचं पोट्टं पाणी भरू शकते, अंथरूण घालू शकते, लहान्याचा अभ्यास पाहू शकते. पोरीला भांडी अन् पोराला बॅट, अशी वाटणी नको. दोघांना सारखं काम द्यावं.

नवऱ्यानं एखादं काम पूर्ण आपल्याकडं घ्यावं. "मदत करतो" म्हटलं की सांगायचं काम बाईकडंच राहते. लेकराला शाळेत सोडणं अन् आणणं, पाणी भरणं किंवा सांजच्याला भाजी आणणं, जे घेतलं ते शेवटपर्यंत त्याचंच.

हंगामात काय करावं?

विदर्भात ऊन पाहता शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटास उघडतात. तेव्हाच पेरणीची घाई असते. वह्या-पुस्तकं, गणवेश, दाखल्याची कामं मे महिन्यातच आटपून घ्यावी. पुढं सोयाबीनची सोंगणी अन् कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे येते. वेचणी किलोवर असते. बाई अर्धा घंटा उशिरा पोचली तर तेवढा पैसा कमी. त्या दिवसांत सणाची साफसफाई आधी किंवा थोडी-थोडी करावी.

लेकरू सोबत वावरात नेणं हा शेवटचा उपाय. फवारणीच्या दिवशी तर नेऊच नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले होते. लेकराला त्याहून थोडं विष पुरते. विहीर, साप, ऊन हे धोके वेगळेच. फवारणीच्या कामावरून आल्यावर हात-पाय धुऊन, कपडे बदलूनच लेकराला जवळ घ्यावं.

आळीपाळीनं लेकरं सांभाळणं

एका टोळीतल्या बाया मिळून हे करू शकतात. समजा सहा बाया आहेत अन् रोज ३०० रुपये आहे. एक बाई गावात सगळ्यांची लेकरं सांभाळते, पाच जणी कामावर जातात. पाच जणींचे १५०० रुपये सहा ठिकाणी वाटले तर प्रत्येकीला २५० पडतात. ५० रुपयांत लेकरू सावलीत, वेळेवर जेवलेलं अन् आईचं ध्यान कामावर. पाळी रोज बदलावी, हिशेब वहीत लिहावा. बचत गट असला तर हे आणखी सोपं जाते.

सरकारी सोयी

अंगणवाडी : ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. ३ ते ६ वर्षांच्या लेकरांना पूर्वशिक्षण अन् गरम ताजा आहार मिळतो. लहान लेकरांसाठी घरी नेण्याचा आहार असतो. पण अंगणवाडी दिवसभर चालत नाही, हे धरूनच नियोजन करावं.

पाळणाघर : केंद्राच्या पाळणा योजनेत कामावर जाणाऱ्या आईच्या ६ महिने ते ६ वर्षांच्या लेकरांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. आपल्या भागात ते नसेल तर ग्रामसभेत ठराव घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं मागणी करावी. शहरी भागात नगरसेवकामार्फत मागणी करता येते.

रोजगार हमीचं काम : २००५ च्या कायद्यात अशी तरतूद केली गेली की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा जास्त लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी अन् तिला मजुरी द्यावी. कामावर हजेरी लावताना ग्रामरोजगार सेवकाला याबद्दल विचारावं.

प्रवास : १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मोठ्या बसस्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष ठेवलेले असतात.

नोकरीवाल्या आईचे हक्क

- १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली. पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यापुढं १२ आठवडे.
- ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय पाहिजे अन् आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाता आलं पाहिजे. कामगारांची मोजणी करताना पुरुषही धरले जातात.
- लेकरू १५ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला दिवसातून दोन जादा सुट्या.
- राज्य शासनाच्या महिला कर्मचारी अन् जिल्हा परिषदेच्या शिक्षिका यांना २०१८ च्या निर्णयानुसार पूर्ण नोकरीत १८० दिवस बालसंगोपन रजा मिळू शकते. लेकराच्या परीक्षेला, आजारपणाला ती कामी येते. अर्ज आधी करावा लागतो.

हक्क मागताना अर्ज लेखीच द्यावा अन् पोच घ्यावी. तोंडी मागितलेलं तोंडीच राहते.

अडचणीच्या वेळी

महिला हेल्पलाइन १८१, लेकरांसाठी १०९८ अन् तातडीच्या मदतीसाठी ११२. हे नंबर मोबाईलमध्ये तर ठेवाच, पण घरी मागं राहणाऱ्या लेकरांसाठी भिंतीवरही मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सोबत आईचा, बापाचा अन् शेजारणीचा नंबरही लिहावा. आठ-नऊ वर्षांच्या लेकराला फोन कसा लावायचा ते एकदा करवून घ्यावं.

सगळं एकाच आठवड्यात बदलत नाही. या आठवड्यात रात्रीची तयारी सुरू करा. पुढच्या आठवड्यात घरच्यांसमोर बसून कामाची वाटणी लिहा. अन् येत्या ग्रामसभेला चार-पाच जणी मिळून जा, पाळणाघराचा विषय काढा.