पानिपतचा पूर्वज आणि एक जास्तीचा पाट

मराठी माणसाला दोन गोष्टी वारशाने मिळतात. एक आडनाव आणि दुसरा पानिपतावर पडलेला पूर्वज. 14 जानेवारी 1761 रोजी आमचे एक पूर्वज पानिपतावर तलवार गाजवून धारातीर्थी पडले, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे बँकेत लागलो तेव्हा समजलं, की आमच्या हेडक्लार्कचे, शिपायाचे आणि समोरच्या वाण्याचेही पूर्वज तिथेच पडले होते. ही सगळी मंडळी खरोखर गेली असती, तर नुसती गर्दी बघूनच अब्दाली परत फिरला असता!

हे असंच चाललं असतं. पण चिरंजीवांना शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. अशी कामं मुलांना देतात आणि बापांना लागतात, हे सांगायला नकोच.

“पणजोबांच्या वडिलांचं नाव काय?” चिरंजीवांनी विचारलं. मी चष्मा पुसला. चष्मा पुसून नाव दिसत नाही.

मग मी संशोधक झालो. राजवाड्यांनी पायपीट करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले, सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापले, मला तर एकाच कुटुंबाचं बघायचं होतं. घरातल्या ट्रंकेत एक कागद सापडला. तो मोडीत होता. मोडीत हात न उचलता लिहितात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद ठेवत नाहीत. ही लिपी शाळेत राहिली असती तर शुद्धलेखनात माझे केवढे मार्क वाचले असते! एका जाणकाराकडून कागद वाचून घेतला. पानिपतचं नाव नाही. आमच्या पूर्वजाने सावकाराकडून दोन खंडी भात उसनं घेतलं होतं, त्याची ती चिठ्ठी. म्हणजे बँकेशी संबंध जुनाच!

“नाशिकला जा,” आत्या म्हणाली. आत्या आता पंच्याऐंशीची आहे. “तिथे आपल्या उपाध्यांच्या वहीत सगळं असतं.”

गेलो. रामकुंडावर पाय ठेवतो न ठेवतो तोच, “आडनाव? गाव?” बँकेत खातेदार शोधायला आम्हाला खातेक्रमांक लागतो, इथे एवढ्यावर काम भागतं. दहा मिनिटांत गुरुजींनी लांबलचक वही सोडली आणि पान काढलं. शके 1838, म्हणजे 1916 सालची नोंद. पणजोबा तीर्थयात्रेला आले होते आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून सही केली होती. ज्या माणसाचा आमच्याकडे फोटोसुद्धा नाही, त्याची सही! मी सवयीने ती दोनदा तपासली.

खाली मुलांची नावं होती. तीन.

मी पुन्हा मोजली. आमच्या घरी हिशेब दोनाचा. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ. रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. कमी भरली तर खिशातून घालता येते, पण जास्त भरली की झोप उडते. एक मुलगा जास्त भरत होता.

परत आल्यावर आत्याला विचारलं. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “मानमोडीत गेला रे तो. सहा वर्षांचा होता म्हणे.”

मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून जास्त माणसं नेली. हा आकडा मी वाचलेला होता. त्या आकड्यात आमच्या घरचा एक होता, हे मात्र आजवर कुणी बोललं नव्हतं.

“आजी त्याचं नाव कधी घ्यायची नाही,” आत्या सांगू लागली. “पण दिवाळीला अभ्यंगाचे पाट मांडायची ते तीन. दोन पाटांवर बाबा आणि काका. तिसरा कुणाचा विचारलं की म्हणायची, असू दे, पाहुणा येईल. मग रिकामा राहू नये म्हणून मला बसवायची त्याच्यावर. मला वाटायचं, माझे लाड चाललेत.”

मी गप्प. आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि एकदम विचारलं, “माझं नाव आहे का रे वहीत?”

नव्हतं. आमच्या पानावर एकाही बाईचं नाव नव्हतं. पाट मांडणाऱ्या पणजीचंही नाही.

पुढच्या महिन्यात रजा टाकून पुन्हा नाशिकला गेलो. गुरुजी म्हणाले, “लेकींची नावं सासरच्या वहीत जातात.”

“गुरुजी, हिशेब जुळत नाही,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन पुढे केलं. मी त्या मुलाच्या नावापुढे 1918 लिहिलं, पणजीचं नाव लिहिलं, आत्याचं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

चिरंजीवांच्या वंशवृक्षावर बाईंनी शेरा मारला, ‘पराक्रमी पूर्वजांची माहिती हवी होती.’ आत्याला वहीचं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं,

“अक्षर नीट काढलंस ना? तुमच्या त्या बँकेतल्यासारखं नको.”